जेरिको गावचा बर्फवेडा

पुण्यात थंडी पडली की ऑफिसात दोन प्रकारचे लोक दिसायला लागतात. एक म्हणजे "एसी बंद करा हो" म्हणून फॅसिलिटीवाल्यांच्या मागे लागणारे, आणि दुसरे, "काय रे, आज किती होतं?" असं मला विचारणारे. दुसऱ्या प्रकारात मोजून तीन जण आहेत आणि त्यातले दोघं मला चिडवायला विचारतात. असो. पण आकडा मला माहीत असतो हे खरं. आठवीत असताना मी तुळशीबागेतून एक थर्मामीटर आणून मागच्या बाल्कनीत टांगला, आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला उठून त्याचा आकडा वहीत लिहितो. परीक्षा, ताप, आतेबहिणीचं लग्न, काहीही असो, आकडा चुकलेला नाही. (म्हणजे जवळजवळ नाही. त्याबद्दल शेवटी.)

हिवाळ्यात ह्या उद्योगाला खरा रंग चढतो. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते आणि जमिनीलगतची हवा गार होत जाते. ढगांचं पांघरूण आलं की सगळं फिसकटतं. म्हणून एकाच शहरात एकाच पहाटे पाषाणला ९ आणि मगरपट्ट्याला १५ असा प्रकार होतो. सिमेंट दिवसभर ऊन खातं आणि रात्रभर ते परत देत बसतं. माझा थर्मामीटरही भिंतीला चिकटून असल्यामुळे दीड-दोन अंश जास्तच दाखवतो. नियमाप्रमाणे तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असायला हवा. त्या पेटीला स्टीव्हनसन स्क्रीन म्हणतात. ती बनवणारे थॉमस स्टीव्हनसन हे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या आर. एल. स्टीव्हनसनचे वडील. आमच्या सोसायटीत अशी पेटी ठेवायची परवानगी मागितली तर सेक्रेटरी काका म्हणाले, "कबुतरं येतील." विषय संपला.

लहानपणी शिवाजीनगरहून जाताना बसचा कंडक्टर 'सिमला ऑफिस' म्हणून ओरडायचा तेव्हा मला वाटायचं की ह्या इमारतीत बर्फ असणार. तिथे बर्फ नाही, हवामान खातं आहे. १९२८ साली ते सिमल्याहून पुण्याला आलं आणि नाव तेवढं सोबत घेऊन आलं. दहावीनंतर मी घरी जाहीर केलं की मला त्या इमारतीत नोकरी करायची आहे. बाबा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "तिथे काय ठेवलंय? कॉम्प्युटर घे." बाबांशी मी वाद घालत नाही. कॉम्प्युटर घेतला.

तर अशा मुलाला कंपनीने पहिल्यांदा ऑनसाईट पाठवलं ते अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, तेही डिसेंबरात. टीममधल्या सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. "अरे, कॅलिफोर्निया नाही मिळालं?" मी मनातून उड्या मारत होतो.

बर्लिंग्टन गाव लेक शॅम्प्लेनच्या काठावर आहे. पहिल्याच आठवड्यात पारा उणे २२ वर गेला. पहिल्या दहा मिनिटांत नाकातले केस गोठतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि बर्फ! 'बर्फ' म्हटलं की आपल्याला गोळेवाला आठवतो, फार तर मासेवाल्याकडची लादी. आपल्या भाषेत आइस आणि स्नो दोघांनाही एकच शब्द, कारण दुसऱ्याची वेळच कधी आली नाही. एका शनिवारी पार्किंगमध्ये उभा होतो. गाडीवरचा स्नो खरवडून हात बधिर झाले होते. काळ्या जॅकेटच्या बाहीवर काहीतरी येऊन बसलं. बघतो तर सहा हातांचं, प्रत्येक हाताला पिसासारख्या फांद्या, चित्रात काढतात अगदी तस्सं. मला आत्तापर्यंत वाटायचं की ते ग्रीटिंग कार्डवाल्यांनी सोयीसाठी ठरवलेलं चिन्ह आहे, जसं हृदयाचं चिन्ह खऱ्या हृदयासारखं नसतं तसं. ते खरंच तसं असतं! मी तिथेच उभा राहून बघत होतो आणि तीन-चार सेकंदांत माझ्याच श्वासाने ते विरघळलं.

शेजारी गाडी साफ करणाऱ्या आजोबांनी माझा चेहरा बघितला असावा. "जेरिकोला जाऊन ये," ते म्हणाले. "बेंटलीचं गाव."

जेरिको बर्लिंग्टनपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नदीकाठी एक जुनी लाल गिरणी आहे, तिच्यात गावच्या इतिहास मंडळाने विल्सन बेंटलीची चित्रं आणि सामान मांडलंय. गिरणीतून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे दोन पोस्टकार्डं होती आणि डोक्यात भुंगा होता. नंतरचे कितीतरी वीकेंड मी ह्या माणसाबद्दल मिळेल ते वाचण्यात घालवले.

विल्सन आल्विन बेंटली. जन्म ९ फेब्रुवारी १८६५, जेरिकोचाच. घरची शेती आणि गाई. आई पूर्वी शिक्षिका होती, तिने पोराला बराच काळ घरीच शिकवलं. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने त्याला आपला जुना मायक्रोस्कोप वापरायला दिला. बाकीची मुलं त्यात काय बघतील? डास, कांद्याची साल. ह्याने त्याखाली स्नो धरला. त्या भागात वर्षाला दहा फुटांच्या घरात स्नो पडतो, त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई नव्हती. तीन हिवाळे तो ते स्फटिक बघून बघून कागदावर काढायचा प्रयत्न करत होता. चित्र अर्धं होईपर्यंत मॉडेल वितळून जायचं.

मग त्याला कळलं की मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडता येतो. तो काळ लक्षात घ्या. कॅमेरा म्हणजे काचेच्या प्लेटा आणि भाता असलेलं भलंमोठं खोकं. मायक्रोस्कोप आणि कॅमेरा मिळून साधारण शंभर डॉलर, म्हणजे दहा गाईंच्या किमतीएवढी रक्कम. वडिलांच्या मते पोराचे हे उद्योग म्हणजे निव्वळ खुळेपणा होता. पण पैसे त्यांनीच दिले. खुळेपणा म्हणत म्हणत दिले.

पुढचा एक हिवाळा अख्खा फुकट गेला. फोटो काळेच यायचे. अखेर भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं आणि एक्स्पोजर खूप वाढवलं तेव्हा गणित जमलं. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसाव्या वाढदिवसाला पंचवीस दिवस बाकी असताना, त्याने हिमस्फटिकाचा पहिला नीट फोटो काढला. अमेरिकेत असा फोटो त्याआधी कोणी काढला नव्हता.

त्याची पद्धत मला तोंडपाठ आहे. घरामागे एक शेड, तिच्यात शेकोटी नाही, आतलं तापमान बाहेरच्याइतकंच. स्नो पडायला लागला की काळी फळी हातात धरून दारात उभं राहायचं. फळीवर पडलेल्यांतून भिंगाने एक चांगला निवडायचा, नको असलेले पिसाने झटकून टाकायचे. झाडूच्या काडीने तो एकच उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसानेच हलकेच दाबून सपाट बसवायचा. हे सगळं श्वास रोखून, कारण एका उच्छ्वासात खेळ खलास. (बाही आठवली.) मग काच मायक्रोस्कोपखाली, कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे, म्हणजे प्रकाश स्फटिकातून आरपार येणार. गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघत असताना फोकसच्या चाकापर्यंत हात पोचायचा नाही, म्हणून पठ्ठ्याने दोऱ्या आणि चाकं लावून जुगाड केला होता. एक्स्पोजर दीड मिनिटापर्यंत. हातात जाड मोजे.

आणि हे सगळं गाईंच्या धारा काढणं सांभाळून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेंटली शास्त्रज्ञ नव्हता, विद्यापीठात नव्हता, त्याला सुट्टी नव्हती. गाईंना शनिवार-रविवार कळत नाही. आई गेली, वडील गेले, भाऊ चार्ल्स आणि त्याचं कुटुंब त्याच घराच्या एका भागात, हा दुसऱ्या भागात. लग्न केलं नाही. पियानो वाजवायचा. आणि रोज हवामानाची नोंद वहीत. नॉर्दर्न लाइट्स दिसले तर तेही. गावकऱ्यांना हा माणूस चांगला पण जरा हललेला वाटायचा. स्नो तर अंगणात ढिगाने पडलाय, त्याचे फोटो काय काढायचे? आपल्याकडे कोणी चिखलाचे फोटो काढत बसला तर आपण काय म्हणू?

चांगल्या हिवाळ्यात शंभरेक फोटो मिळायचे, वाईटात जेमतेम काही डझन. हे वाचून मी उडालोच. आज आपण गोव्याच्या एका ट्रिपमध्ये आठशे फोटो काढतो आणि त्यातला एकही परत बघत नाही. त्याने सेहेचाळीस-सत्तेचाळीस हिवाळ्यांत मिळून पाच हजारांवर फोटो काढले. १९२८ च्या १४ फेब्रुवारीला सुरू झालेल्या एका वादळात दोन दिवसांत शंभराच्या आसपास मिळाले, ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

पहिली तेरा वर्षं हे काम जेरिकोच्या बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. १८९८ मध्ये व्हर्माँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स ह्यांच्यासोबत त्याचा पहिला लेख एका विज्ञान मासिकात छापून आला. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याचं जे मासिक होतं, 'मंथली वेदर रिव्ह्यू', त्याचे संपादक क्लीव्हलँड ॲबी ह्यांनी त्याला लिहितं केलं. स्फटिकाचा आकार तापमानावर आणि वादळाच्या कुठल्या भागातून तो आला ह्यावर अवलंबून असतो, असं तो मांडत होता. वादळाच्या पश्चिमेकडच्या भागात सर्वांत सुबक स्फटिक मिळतात हे त्याचं निरीक्षण, थंडीत दारात उभं राहून मिळवलेलं.

आता थोडी भांडणाची गोष्ट. बर्लिनमध्ये गुस्ताव हेलमान नावाचे मोठे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासाठी नॉयहाउस ह्यांनी १८९२-९३ च्या हिवाळ्यात हिमस्फटिकांचे फोटो काढले होते. त्या फोटोंतले स्फटिक वाकडेतिकडे, एक हात लांब, एक तुटका. बेंटलीचे सगळे कसे कंपासपेटीतून काढल्यासारखे! शिवाय बेंटली निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीवर चाकूने स्फटिकाभोवतीचा थर खरवडून काढायचा, म्हणजे छापल्यावर पांढरा स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसावा. एकेका प्लेटवर तासन् तास जायचे. जर्मनांचं म्हणणं, हा चाकू फिरवताना कडाही बदलतोय आणि फक्त देखणे नमुने निवडतोय. बेंटलीचं उत्तर असं की मूळ निगेटिव्हला मी हात लावत नाही, मी फक्त पार्श्वभूमी काढतो.

मी बेंटलीच्या पार्टीचा माणूस, पण ह्या मुद्द्यावर मला वाटतं जर्मनांचं निम्मं बरोबर होतं. चाकूचं सोडा, पण निवडीचं खरं आहे. मी स्वतः त्या हिवाळ्यात काळा कापडी तुकडा आणि मोबाइलला लावायची पंचवीस डॉलरची मॅक्रो लेन्स घेऊन बाहेर उभा राहिलोय. बहुतेक वेळा पडतो तो नुसता कचरा: मोडके हात, एकमेकांत अडकलेले गोळे, सुयांसारखे तुकडे. सहा हातांचा सुबक तारा शोधावा लागतो. आमच्याकडे डेटा साफ करताना कोणी 'विचित्र दिसणाऱ्या' ओळी उडवल्या तर रिव्ह्यूमध्ये त्याची काय हालत होते ते विचारू नका. बेंटलीने जगाला स्नोचा चेहरा दिला, पण तो लग्नाच्या फोटोतला चेहरा आहे.

आणि 'कुठलेही दोन हिमस्फटिक सारखे नसतात' हे वाक्य जे आपण सगळेच ऐकतो, तेही त्याच्याकडूनच पसरलं. १९८८ मध्ये नॅन्सी नाइट ह्या संशोधिकेने विस्कॉन्सिनवर विमानातून गोळा केलेल्या स्फटिकांत दोन, मायक्रोस्कोपखाली तरी, अगदी सारखे दिसणारे दाखवले. ते ताऱ्यांसारखे नव्हते, साधे ठोकळेबाज होते. बेंटलीने ते कदाचित पिसाने झटकून दिले असते.

पण मला त्याचं सर्वांत आवडलेलं काम बर्फाचं नाहीच. ते उन्हाळ्यातलं आहे. १८९८ ते १९०४ ह्या काळात त्याने पावसाचे थेंब मोजले. कसे? एका परातीत इंचभर बारीक पीठ पसरायचं, पावसात काही सेकंद धरायचं आणि आत आणायचं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. ती वाळली की मोजायची. गोळीचा आकार म्हणजेच थेंबाचा आकार का, हे तपासायला त्याने आधी माहीत असलेल्या आकाराचे थेंब उंचावरून पिठात पाडून बघितले. सत्तर पावसांतून ३४४ मोजमापं! त्यावरून त्याने मांडलं की पावसाचे बरेच थेंब वर ढगात बर्फ म्हणूनच जन्म घेतात आणि खाली येताना वितळतात. कोणी लक्ष दिलं नाही. जवळपास चाळीस वर्षांनी, १९४३ मध्ये, लॉज आणि पार्सन्स ह्यांनी जमिनीची धूप अभ्यासताना पुन्हा पिठाचीच पद्धत वापरली. थेंबांच्या आकाराचं गणित पुढे रडारसाठी लागलं. आज मोबाइलवर 'तुमच्याकडे वीस मिनिटांत जोरदार पाऊस' असं रडारच्या जोरावर सांगतात ना, त्याच्या मुळाशी हे थेंबांचे आकार आहेत.

मागच्या जुलैत मी हा प्रयोग आमच्या बाल्कनीत केला. आईची स्टीलची परात, मैदा, चाळणीने चाळलेला. आई मागे येऊन उभी राहिली. "काय करतोयस?" म्हटलं, थेंब मोजतोय. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मैदा ऐंशी रुपये किलो झालाय." गोळ्या साबुदाण्याएवढ्या आल्या, काही अगदी मोहरीएवढ्या. सर्वांत मोठी पाच मिलिमीटर. आठ दिवस त्या खिडकीत वाळत होत्या, नंतर मुंग्यांनी नेल्या.

बेंटलीला ह्या सगळ्यातून काय मिळालं? तो स्लाइडा पाच-पाच सेंटला विकायचा. शाळा, कॉलेजं, कापडावर नक्षी काढणारे, दागिन्यांची डिझाइनं करणारे घ्यायचे. १९०३ मध्ये पाचशे फोटो त्याने स्मिथसोनियनला पाठवले, आपल्यानंतर टिकावेत म्हणून. १९२४ मध्ये अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने त्याला संशोधनासाठी अनुदान दिलं, त्या संस्थेने दिलेलं ते पहिलंच. १९२६ पर्यंतचा त्याचा हिशोब असा: खर्च पंधरा हजार डॉलर, आवक चार हजार. ह्याला आमच्या भाषेत काय म्हणतात ते मॅनेजर लोकांना विचारा.

१९३१ च्या नोव्हेंबरात त्याचं पुस्तक आलं, 'स्नो क्रिस्टल्स'. मजकूर हवामान खात्याचे विल्यम हंफ्रीज ह्यांचा, फोटो बेंटलीचे, चोवीसशेच्या वर. सहासष्टाव्या वर्षी त्याने ते हातात घेतलं. डिसेंबरच्या सुरुवातीला तो बर्फाच्या चिखलातून, वादळात, सहा मैल चालत घरी आला. ७ तारखेला वहीत शेवटची नोंद केली: उत्तरेचा गार वारा, उडणारा बर्फ. मग न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला त्याच घरात तो गेला.

हे पुस्तक जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया ह्या तरुण प्राध्यापकाच्या हातात पडलं. नाकायाने ठरवलं की आपण सगळेच स्फटिक टिपायचे, कुरूपसुद्धा. त्याने सुमारे तीन हजार फोटो काढून वर्गवारी केली आणि १२ मार्च १९३६ रोजी प्रयोगशाळेत सशाच्या एका केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. मग किती तापमानाला आणि हवेत किती बाष्प असताना कुठला आकार येतो ह्याचा नकाशाच बनवला: उणे दोनच्या आसपास चपट्या चकत्या, उणे पाचला सुया आणि खांब, उणे पंधराला ते फांद्यांचे तारे. म्हणजे त्या शनिवारी माझ्या बाहीवर जो बसला होता, तो उणे पंधराच्या आसपासच्या ढगातून आला होता. जमिनीवर उभं राहून वरच्या ढगाचं तापमान वाचता येतं, थर्मामीटर न पाठवता!

आता माझ्या वहीचं. ऑनसाईटला चौदा महिने होतो, तेव्हा नोंदी बंद पडणार हे मी गृहीत धरलं होतं. कोणाला सांगितलंही नव्हतं. परत आलो, जेट लॅगमुळे पहाटे चारला टक्क जागा, म्हणून वही शोधली. शेवटचं पान जिथे सोडलं होतं तिथून पुढे भरत गेलेली. बँकेतल्या नोकरीचं वळणदार अक्षर, पट्टीने आखलेले रकाने, चौदा महिने, एकही दिवस सुटलेला नाही. मी फक्त किमान तापमान लिहायचो, बाबांनी स्वतःचे दोन रकाने वाढवले होते: 'धुके' आणि 'शेरा'. शेऱ्यात 'नळाला पाणी नाही', 'दूधवाला उशिरा', 'शेजारी स्वेटर काढले'. जानेवारीत एका ओळीत होतं, 'येथे ११.५, चिरंजीवांकडे उणे २२'. बरोबर, त्या दिवशी मी फोनवर सांगितलं होतं, आणि ते "हं" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे झाले होते.

सकाळी साडेसहाला ते उठून बाल्कनीत आले तेव्हा मी वही घेऊनच बसलो होतो. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावला, वाकून पारा बघितला आणि म्हणाले, "लिही. बारा पूर्णांक दोन. धुके नाही."